दिल्ली ते काठमांडू : पावणेदोन तासांचा परदेश

मैत्रिणींनो, एक सोपा प्रश्न विचारते. मुंबईहून दिल्ली लांब की दिल्लीहून काठमांडू लांब? नकाशा न बघता सांगायचं हं!

बहुतेकजणी काठमांडूच म्हणतील. साहजिकच आहे. दिल्ली आपली, काठमांडू परक्या देशाची राजधानी, तीही हिमालयातली. म्हणजे ती लांबच असणार, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं. पण आकडे वेगळंच सांगतात. मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर जवळजवळ ११४० किलोमीटर आहे, आणि दिल्लीच्या विमानतळापासून काठमांडूच्या विमानतळापर्यंतचं अंतर भरतं अवघं ८१५ किलोमीटर! मुंबईहून नागपूर हवाईमार्गानं पावणेसातशेच्या पुढं आहे. म्हणजे मुंबईची लेक नागपूरला दिली, तर ती जितकी लांब गेली, त्याहून थोडीशीच लांब ही दुसऱ्या देशाची राजधानी दिल्लीपासून आहे.

आणखी एक गंमत. काठमांडू दिल्लीच्या ‘वर’ आहे, असंही आपल्याला वाटतं. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलींना हा प्रश्न हटकून विचारते आणि सगळा वर्ग उत्तरेकडे बोट दाखवतो. खरं तर काठमांडू दिल्लीच्या पूर्वेला, आणि किंचित दक्षिणेलाच आहे. दिल्ली साडेअठ्ठावीस अंशांच्या जरा वर, तर काठमांडू पावणेअठ्ठावीस अंशांच्या आसपास. ‘वर’ आहे ते उंचीच्या हिशोबानं. काठमांडूचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १३३८ मीटरवर आहे, म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वराइतका उंच. त्यामुळं तिथली हवाही ओळखीची वाटते. स्वेटर लागतो, पण सहसा हाडं गोठत नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात सासूबाईंना पशुपतिनाथाचं दर्शन घडवायचं म्हणून आम्ही हा प्रवास केला. त्या निमित्तानं या ८१५ किलोमीटरांचा मी बराच अभ्यास केला. तोच आज तुमच्यापुढं मांडते आहे. तुमच्या घरातही पशुपतिनाथाची इच्छा मनात ठेवून बसलेलं कुणी असेल, तर उपयोगी पडेल.

एका तासाचे पावणेदोन कसे होतात?

जेट विमान उंचावर गेलं की ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर वेगानं जातं. मग ८१५ किलोमीटरला एक तास पुरायला हवा, नाही का? पण वेळापत्रकात बघाल तर एक तास चाळीस मिनिटं, कुठं पावणेदोन, कुठं त्याहूनही जास्त वेळ दिलेला असतो. मग मधली पाऊण तास वेळ जाते कुठं?

आपण कुकर लावतो तेव्हा शिट्टी होईपर्यंतचा वेळ वेगळा आणि वाफ जिरेपर्यंतचा वेगळा. पण स्वयंपाकाच्या हिशोबात दोन्ही धरावे लागतात ना? तसंच हे आहे. विमानाचे दरवाजे बंद झाले की घड्याळ सुरू होतं. दिल्लीचा विमानतळ म्हणजे एक गावच. धावपट्टीपर्यंत विमानाला रांगत जावं लागतं, पुढं चार-सहा विमानं असली तर थांबावं लागतं. मग वर चढायला पंधरा-वीस मिनिटं, आणि खाली उतरायला त्याहून जास्त. पूर्ण वेगानं विमान धावतं ते फक्त मधल्या टप्प्यात, आणि इतक्या छोट्या प्रवासात तो टप्पा मोठा नसतोच.

शिवाय विमान काही पट्टी लावून आखलेल्या रेघेवरून जात नाही. आकाशातही रस्ते ठरलेले असतात. दिल्लीहून निघालेली विमानं साधारण उत्तर प्रदेशच्या मैदानावरून, लखनौ-गोरखपूरच्या बाजूनं जातात आणि दक्षिणेकडून डोंगर ओलांडून काठमांडूच्या खोऱ्यात शिरतात. त्यामुळं ८१५ चे थोडे जास्तच होतात. आणि काठमांडूला धावपट्टी एकच! देशातली छोटी विमानं, परदेशातली मोठी विमानं, सगळ्यांना तीच. लग्नघरात एकच न्हाणीघर असलं की जसे पाहुणे दाराशी तिष्ठत राहतात, तशी विमानं आकाशात घिरट्या घालत राहतात. आम्हीही दहा-बारा मिनिटं घिरट्या घातल्या. तेव्हा घाबरायचं काही कारण नाही, हे रोजचंच आहे.

परतीच्या वाटेला आणखी थोडा वेळ लागतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. कधी कधी त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर जातो. जाताना हा वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. सायकल चालवलेल्या कोणत्याही बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पंधरा मिनिटांचं कोडं

आता घड्याळाची गोष्ट. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर पंधरा मिनिटं पुढं आहे. अर्धा तास नाही, एक तास नाही, पंधराच मिनिटं! जगात अशी पाऊण तासाच्या हिशोबातली घड्याळं फार थोड्या ठिकाणी आहेत.

याचं कारण भूगोलात आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपली प्रमाणवेळ ठरते मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावरून. साडेब्याऐंशीला चारानं गुणलं की ३३० मिनिटं, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. नेपाळनं धरला गौरीशंकर शिखराजवळचा सव्वाशहाऐंशी रेखांश. त्याला चारानं गुणा : ३४५ मिनिटं, म्हणजे पावणेसहा तास. ही वेळ त्यांनी १९८६ पासून लागू केली. मुलांना घरी हे गणित घालून बघा. गुणाकारही होतो नि भूगोलही.

या पंधरा मिनिटांमुळं वेळापत्रक वाचताना मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. समजा, विमान दिल्लीहून दहाला निघून काठमांडूला बाराला पोचतं. कागदावर दोन तास दिसले, तरी तिथले बारा म्हणजे आपले पावणेबारा. खरा प्रवास पावणेदोन तासांचा. उलट येताना काठमांडूहून एकला निघून दिल्लीला दोन चाळीसला पोचलात, तर कागदावर एक तास चाळीस मिनिटंच. पण तिथला एक म्हणजे आपले पाऊण. म्हणजे खरे लागले एक तास पंचावन्न मिनिटं. जाताना जास्त वाटतात नि येताना कमी, आणि असतं नेमकं उलटं!

मोबाइलवरची वेळ बहुधा आपोआप बदलते. मनगटावरचं घड्याळ मात्र आपल्यालाच पुढं करावं लागतं. परतीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांची घड्याळं एकदा तपासून घ्या. भारतीय वेळ धरून निघालात तर विमानतळावर पंधरा मिनिटं उशिरा पोचाल, आणि तिथल्या रांगेत पंधरा मिनिटं फार मोलाची असतात.

डावीकडची खिडकी

जाताना डाव्या बाजूची खिडकी मागून घ्या, येताना उजव्या बाजूची. हिमालय उत्तरेला आहे आणि आपण पूर्वेकडे जातो, म्हणून जाताना तो डाव्या हाताला येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस संपून हवा धुतल्यासारखी झालेली असते तेव्हा, शे-दोनशे किलोमीटरवरूनही शिखरांची रांग स्पष्ट दिसते. आधी धवलगिरी, ८१६७ मीटर उंच. मग अन्नपूर्णा, ८०९१ मीटर. नंतर मनास्लू. एव्हरेस्ट मात्र या प्रवासात शोधू नका. ते काठमांडूच्याही पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या पुढं आहे. ते जवळून बघायचं तर काठमांडूहून सकाळी निघणारं खास विमान असतं, ते तासाभरात फिरवून आणतं.

धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध एक खाच दिसते. सासूबाईंना मी ती बोटानं दाखवली. त्या दोन डोंगरांमधून काळी गंडकी नदी वाहते. आपल्या देवघरात तुळशीपत्राखाली असलेला शाळिग्राम येतो तो या नदीतून. आमच्या घरचा शाळिग्राम सासूबाईंच्या सासूबाईंनी पूजेला लावलेला. साठ वर्षं रोज आंघोळ घातलेल्या देवाचं गाव त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी काचेला हात लावून नमस्कार केला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

खाली बघाल तर मैदान दिसेल, चौकोनी शेतं, नद्यांची वळणं. तेही नुसतं मैदान नाही. १८५७ चा उठाव मोडल्यावर याच मुलुखातून लखनौची बेगम हजरत महल आपल्या मुलाला घेऊन नेपाळकडे निघाली. नानासाहेब पेशवेही इथूनच नेपाळच्या तराईत शिरले. नानासाहेबांचं पुढं काय झालं याच्या नाना कथा आहेत. बेगम मात्र परत आली नाही. इंग्रजांचं वर्षासन नाकारून ती काठमांडूलाच राहिली आणि १८७९ साली तिथंच वारली. तिची कबर तिथल्या जामा मशिदीजवळ आहे. पुढं तराईतच लुंबिनी आहे, गौतम बुद्धांचं जन्मस्थान. आपल्याकडून कितीतरी माणसं गोरखपूरमार्गे बसनं लुंबिनीला जातात.

एवढा सगळा मुलूख खालून सरकतो, आणि तेवढ्यात चहाचा कपही संपलेला नसतो.

गाईंच्या कुरणावर उतरताना

काठमांडू म्हणजे डोंगरांच्या वाटीत ठेवलेलं शहर. विमानाला डोंगरावरून येऊन एकदम खाली उतरावं लागतं. म्हणून ते पायरी-पायरीनं उतरतं. पोटात गोळा येतो, कान दडपतात. १९९२ साली जुलैत आणि सप्टेंबरात अशी दोन मोठी विमानं उतरताना डोंगरावर आदळली होती. पहिल्यात ११३ आणि दुसऱ्यात १६७ माणसं गेली. त्यानंतर तिथं रडार बसवण्यात आलं. हे घाबरवायला सांगत नाही. ढग फार असले की विमान उतरवत नाहीत, दुसरीकडे वळवतात किंवा परत नेतात, तेव्हा आपण चडफडू नये, म्हणून सांगते.

या विमानतळाच्या जागी पूर्वी गाईंचं कुरण होतं. त्याचं नावच होतं गौचर. आता त्याला राजा त्रिभुवन यांचं नाव आहे, आणि त्यामागं दिल्ली-काठमांडू प्रवासाचीच एक विलक्षण कथा आहे. त्या काळी नेपाळात राजा नावापुरता होता. सगळी सत्ता पिढीजाद राणा पंतप्रधानांच्या हाती. १९५० च्या नोव्हेंबरात राजा कुटुंबासह सहलीला म्हणून राजवाड्यातून मोटारींतून निघाला आणि वाटेत मोटारी वळल्या त्या थेट भारतीय वकिलातीत! सगळं कुटुंब आलं, मागं राहिला तो तीन वर्षांचा नातू, ज्ञानेंद्र. राणांनी त्या तीन वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं. काही दिवसांनी भारतानं विमान पाठवून राजाला दिल्लीला आणलं. बोलणी झाली, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये राजा विमानानंच काठमांडूला परतला. राणांची सत्ता गेली. त्या आज्जीला दिल्लीत तीन महिने त्या नातवाशिवाय झोप कशी लागली असेल, असं माझ्या मनात आलं. हाच ज्ञानेंद्र पुढं २००१ साली पुन्हा राजा झाला, आणि २००८ साली नेपाळ प्रजासत्ताक झालं तेव्हा तोच शेवटचा राजा ठरला.

त्या वेळी काठमांडूला बाहेरून मोटारीचा रस्तासुद्धा नव्हता, बरं का! भीमफेदीपर्यंत यायचं आणि पुढं डोंगर चढून पायी किंवा डोलीतून. शहरात ज्या मोटारी होत्या, त्या माणसांनी बांबूंवर बांधून खांद्यावरून वाहून आणलेल्या. मैदानातून येणारा पहिला रस्ता भारताच्या मदतीनं पन्नाशीच्या दशकात झाला. म्हणजे काठमांडूत विमान आधी पोचलं आणि रस्ता मागाहून.

जवळ असण्याची किंमत

या वाटेवरचं एक दुःख आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान अतिरेक्यांनी पळवलं. अमृतसर, लाहोर, दुबई करत ते कंदाहारला नेलं. काहीजणांना दुबईत सोडलं, पण बाकीचे सुटले ते ३१ तारखेला. पावणेदोन तासांचा प्रवास आठ दिवसांचा झाला. लग्नानंतर फिरायला गेलेलं एक तरुण जोडपं त्यात होतं. त्यातला नवरा परतला नाही. त्यानंतर काही महिने भारतीय विमानं तिकडे जाणं बंद होतं. आज काठमांडूहून निघताना पुनःपुन्हा तपासणी होते, पर्स उघडून दाखवावी लागते, तेव्हा वैतागण्याआधी हे आठवावं.

दुसरी आठवण याच जवळीकीच्या उपयोगाची. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप झाला, ७.८ तीव्रतेचा. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. तिथं बाराला चार मिनिटं कमी होती, आपल्याकडे अकरा एकेचाळीस झाले होते. त्याच दिवशी भारतीय हवाई दलाची विमानं मदत घेऊन काठमांडूला उतरली. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या एकाच धावपट्टीवर देशोदेशीच्या विमानांची इतकी गर्दी झाली, की काही विमानांना आकाशातूनच परत फिरावं लागलं. शेजारी पावणेदोन तासांवर असला तरी दार एकच असलं, तर मदत दारातच अडते.

तिच्या माहेराची वाट

आमच्या कॉलनीतला वॉचमन नेपाळी आहे. त्याची बायको दोन घरी कामाला जाते. आम्ही काठमांडूला जाणार म्हटल्यावर मी तिला विचारलं, “काय गं, तुझ्या गावाकडून काही आणायचं का?” ती हसली. म्हणाली, “दीदी, काठमांडू तो हमने भी नहीं देखा.”

तिचं माहेर अछाम जिल्ह्यात, नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरात. मी नकाशा उघडून बघितला. दिल्ली आणि काठमांडू यांच्यामध्ये तिचा जिल्हा जवळजवळ निम्म्या वाटेवर येतो, फक्त रेघेच्या उत्तरेला, डोंगरात. म्हणजे विमान सुटून अर्धा-पाऊण तास झाला, की डावीकडच्या डोंगरात कुठं तरी तिचं घर असतं.

आणि ती कशी जाते? आधी रेल्वेनं दिल्ली. तिथून रात्रीच्या बसनं बनबसाची सरहद्द. पायी पूल ओलांडून महेंद्रनगर. तिथून डोंगरातली बस, दिवसभर वळणं घेत जाणारी. शेवटी चढ चालून घर. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. निरोप मोबाइलवर दोन मिनिटांत आला. ती पोचली चौथ्या दिवशी. क्रियाकर्म भावांनी उरकलं होतं. “चेहरा नाही बघितला,” एवढंच ती म्हणाली.

विमानाचं तिकीट काढून दिलं असतं तर? तोही विचार करून झाला. काठमांडूला उतरून तिला पुन्हा पश्चिमेकडे एक-दीड दिवस बसनंच यावं लागलं असतं. दोन राजधान्या एकमेकींच्या जवळ आल्या म्हणून मधली गावं जवळ येत नाहीत. महाराष्ट्रातल्या शहरांत पहारा करणारी, हॉटेलांत राबणारी अशी कितीतरी नेपाळी माणसं त्या पश्चिम डोंगरातली आहेत. १९५० च्या करारामुळं त्यांना इथं यायला पासपोर्ट लागत नाही, आपल्यालाही तिकडे लागत नाही. सरहद्द उघडी आहे. अंतर आहे ते वाटेचं. म्हणून माझं एक सांगणं आहे. तुमच्याकडच्या नेपाळी बाईनं गावी जायला पंधरा दिवसांची रजा मागितली, तर “एवढी कशाला?” म्हणू नका. त्यातले आठ दिवस नुसते जाण्या-येण्यात जातात.

न्यायचं ठरवलंत तर

आता थोडं कामाचं.

कागद : नेपाळला विमानानं जाताना आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक हवं. मोठ्या माणसांना नुसतं आधार कार्ड चालत नाही, यावरून विमानतळावर फार रडारड होते. पासष्टच्या वरचे आणि पंधराच्या आतले यांना सवलत आहे, पण त्यांचंही वय आणि फोटो दाखवणारं कार्ड बरोबर लागतंच. १५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचा दाखला आधीच आणून ठेवा. कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच असू द्या. माहेरचं-सासरचं नाव हा आपला बायकांचा नेहमीचा घोटाळा! निघण्यापूर्वी चालू नियम एकदा विमान कंपनीकडून विचारून घ्या.

वेळ : प्रवास पावणेदोन तासांचा, पण दिवस अख्खा धरा. आंतरराष्ट्रीय विमान म्हणून दिल्लीला तीन तास आधी पोचायचं. तिकडे उतरल्यावर शिक्का, सामान यांत तासभर. आम्ही सकाळी सहाला दिल्लीतल्या मुक्कामाहून निघालो, आणि देवळाच्या दारात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं, आणि पावसाळ्यात काठमांडूचे ढग. त्या दिवसांत पुढचं तिकीट लागलीच त्याच दिवसाचं काढू नका.

वडीलधारी माणसं : तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगून ठेवा. सासूबाईंचं वय ७४, गुडघे दुखरे. आधी त्या “मी काय आजारी आहे का?” म्हणून रुसल्या, पण दिल्लीच्या विमानतळावरचं चालणं पाहून गप्प बसल्या. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि शाल हातातल्या पिशवीत हवी. उतरताना तोंडात लिमलेटची गोळी ठेवायला द्या, कान दडपत नाहीत. लहान मुलांना त्या वेळी पाणी किंवा दूध पाजा.

पैसे : आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६० रुपये. हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानात किंमत सांगितली की “भारतीय की नेपाळी?” हे पहिलं विचारा. आपल्या शंभराच्या नोटा बिनतक्रार चालतात. मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, तेवढं आधी विचारून घ्या.

देऊळ : पशुपतिनाथ विमानतळापासून अगदी जवळ, दीड-दोन किलोमीटरवर. कातड्याची वस्तू आत नेता येत नाही, तेव्हा पट्टा, पाकीट, पर्स यांची सोय आधी करा. मूळ पूजेचा मान दक्षिणेकडच्या, कर्नाटकातल्या भट्टांकडे आहे. शेजारीच बागमतीच्या काठावर चिता जळत असतात. म्हाताऱ्या माणसांना ते बघून वाईट वाटेल, अशी मला धास्ती होती. सासूबाई शांतपणे पायरीवर बसल्या. वरून एक विमान उतरत होतं. मला म्हणाल्या, “अगं, माझ्या सासूबाई इथं यायचं म्हणून आयुष्यभर पैसे साठवत होत्या. सहा महिने लागतात, म्हणायच्या.”

सहा महिन्यांचा प्रवास दोन पिढ्यांत एका दिवसावर आला आहे. भाडं ऋतूप्रमाणं वर-खाली होतं. दोन-तीन महिने आधी बघितलंत आणि दिवाळी-मे टाळलात, तर मध्यमवर्गीय घराला जड जात नाही. घरातलं वडील माणूस चालतं-फिरतं आहे, डोळ्यांना दिसतं आहे, तोवरच हा बेत करा. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं आपण फार सहज म्हणून जातो, आणि त्यांचं वय काही थांबत नाही. आणि हो, तिकीट काढताना त्यांच्यासाठी डावीकडची खिडकी मागायला विसरू नका.